बाहुलीच्या मापाचा उजेड

माळावर दुर्बीण मांडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. नारायणगावच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक उघडा माळ लागतो. अवसेच्या आसपासच्या शनिवारी आम्ही चार-सहा जण तिथे जातो. गाडीतून नळी उतरवेपर्यंत जवळच्या वस्तीवरची पोरं जमतात आणि त्यांतला एखादा विचारतो, "काका, ह्यातनं किती लांबचं दिसतं?" शहरातले पाहुणे असले तर प्रश्न थोडा बदलतो, "किती पट मोठं दिसतं?" या दोन प्रश्नांची उत्तरं मी कित्येक वर्षं देत आलो. अलीकडे मला वाटू लागलं आहे की हे प्रश्न माणसांच्या आधी शब्दाने विचारलेले आहेत. दुर्बीण हा शब्दच ते त्यांच्या तोंडी घालतो.

दुर्बीण आपल्याकडे फारसीतून आली. 'दूर' म्हणजे लांब आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. 'दीदन', म्हणजे पाहणं, या क्रियापदाचं ते अंग. तमाशा पाहणारा तो तमाशबीन, बारीक पाहणारी ती खुर्दबीन, म्हणजे उर्दूतला सूक्ष्मदर्शक. फारसीतला 'दूर' आणि संस्कृतातला 'दूर' हे सख्खे भाऊ, त्यामुळे शब्दाला मराठीत परकेपणा वाटलाच नाही. मराठीने 'दू'चा 'दु' केला, 'न'चा 'ण' केला, तिला स्त्रीलिंग दिलं आणि घरात घेतलं.

युरोपातही गोष्ट अशीच घडली. १६०८ मध्ये हॉलंडमधल्या हान्स लिपरशे या चष्मेवाल्याने या यंत्राच्या हक्कासाठी अर्ज केला. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने स्वतः घासलेल्या काचांची नळी आकाशाकडे वळवली. तिला नाव मिळालं ते १४ एप्रिल १६११ रोजी, रोममध्ये गॅलिलिओच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत. देमिसियानी नावाच्या ग्रीक विद्वानाने 'टेले', म्हणजे दूर, आणि 'स्कोपेइन', म्हणजे पाहणं, हे दोन शब्द जोडले. हा 'स्कोपेइन' आपल्या 'पश्यति'चा नातलग आहे. संस्कृतात हेराला 'स्पश' म्हणतात, तोही याच कुळातला. फारसी, ग्रीक आणि आपला ग्रांथिक 'दूरदर्शक', तिन्ही भाषांनी एकच गोष्ट सांगितली, की हे यंत्र दूरचं पाहतं.

आता देवयानी दीर्घिका घ्या. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे, आणि काळोख्या माळावरून ती नुसत्या डोळ्यांना दिसते. अल-सूफी या इराणी ज्योतिर्विदाने इसवी सन ९६४ च्या सुमारास, दुर्बिणीच्या साडेसहाशे वर्षं आधी, तिची लहानसा ढग म्हणून नोंद करून ठेवली आहे. नुसत्या डोळ्याला २५ लाख प्रकाशवर्षं पेलत असतील तर 'लांबचं दिसणं' हे दुर्बिणीचं खरं काम कसं म्हणायचं?

इथे उजेडाचा एक नियम कळून घ्यावा लागतो. तारा ठिपक्यासारखा असतो, तो लांब गेला की मंदावतो. पण दीर्घिका किंवा तेजोमेघ म्हणजे पसरलेला उजेड. तो लांब गेला की आकाराने लहान होतो, पण त्याच्या प्रत्येक तुकड्याची झळाळी तेवढीच राहते. रस्त्यावरची भिंत पन्नास पावलांवरून पाहा की पाचशे पावलांवरून, तिचा पांढरेपणा तोच असतो. आपली अडचण अंतराची नसते. हा उजेड मुळातच इतका विरळ असतो की आकाशाच्या पार्श्वभूमीत तो मिसळून जातो. म्हणून खरा प्रश्न असा असतो की त्या विरळ उजेडातला जास्तीत जास्त वाटा डोळ्यात कसा उतरवायचा आणि त्याचा डाग डोळ्याला ओळखता येईल एवढा कसा करायचा. या प्रश्नाचं उत्तर दुर्बिणीच्या उजेड गोळा करणाऱ्या मोठ्या आरशात अर्धंच असतं. उरलेलं अर्धं एका मुठीत मावणाऱ्या छोट्या नळीत असतं.

तिला पुस्तकात नेत्रिका म्हणतात, कुठे नेत्रभिंगही म्हणतात. माळावर मात्र सगळेच आयपीस म्हणतात. खरं तर तेवढंही म्हणत नाहीत. "पंचवीसचा दे", "बाराचा लाव", एवढंच. हा आकडा म्हणजे मिलिमीटरमधलं नाभीय अंतर. किरण जिथे एकत्र येतात त्या जागेला आपण नाभी म्हटलं. लॅटिनमध्ये 'फोकस' म्हणजे चूल. योहानेस केप्लरने १६०४ मध्ये तो शब्द प्रकाशशास्त्रात वापरला. घरातली माणसं जमतात ती चुलीपाशी, आणि किरण जमतात ते फोकसपाशी. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या आकड्याने भागलं की किती पट ते कळतं. आमच्या आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, म्हणजे पंचवीसच्या आयपीसने ४८ पट आणि बाराच्याने १०० पट. आकडा लहान तेवढं चित्र मोठं. नव्या माणसाला हे उलटं वाटतं आणि पाठ व्हायला एक रात्र जाते.

आयपीसच्या आत भिंगं असतात. लेन्स हा शब्द लॅटिन 'लेन्स'वरून आला आणि त्याचा अर्थ मसूर. अख्ख्या मसुराचा दाणा तळहातावर घेऊन पाहा, दोन्ही बाजूंनी फुगीर आणि कडेला पातळ, हुबेहूब भिंग. अरबीत 'अदसा' म्हणजे मसूरही आणि भिंगही. जर्मन भाषेतल्या 'लिन्झं'चंही तसंच. तेव्हा आयपीस म्हणजे नळीत नीट रचलेले काही मसूर. हायगेन्सच्या सतराव्या शतकातल्या आयपीसमध्ये दोन होते. व्हिएन्नाच्या गेओर्ग सिमोन प्लॉस्लने १८६० मध्ये चारांची मांडणी बसवली आणि आजही नवशिक्याच्या पेटीत बहुधा प्लॉस्लच असतो. त्यातून सुमारे ५० अंश रुंदीची खिडकी उघडते. अमेरिकेच्या अल नागलर यांनी अपोलोच्या चांद्रवीरांच्या सरावयंत्रासाठी दृश्यव्यवस्था तयार केली होती. पुढे त्यांनी सात-सात भिंगं रचून ८२ अंशांची खिडकी उघडली. खिडकी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. संस्कृतात तिला गवाक्ष म्हणतात, म्हणजे गाईचा डोळा. इंग्रजी 'विंडो'च्या मुळाशी जुना नॉर्स शब्द आहे आणि त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. खिडकीला डोळा म्हणणाऱ्या या लोकांनी आयपीस पाहिला असता तर त्यांना तो लगेच ओळखू आला असता.

या खिडकीचा व्यवहारात फार उपयोग आहे. आमच्या दुर्बिणीत सव्वा इंची नळीचा बत्तीसचा प्लॉस्ल लावला तर आकाशाचा जेमतेम सव्वा अंश दिसतो, म्हणजे पौर्णिमेचे अडीच चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा. देवयानी दीर्घिका तीन अंशांपर्यंत पसरलेली. तिचा गाभा दिसतो, पण ती कुठे संपते ते कळत नाही, आणि कड दिसल्याशिवाय विरळ उजेड ओळखू येत नाही. म्हणून अशा पसरट गोष्टींना दोन इंची नळीचा, रुंद खिडकीचा आयपीस हवा.

आता नेत्रिका या पुस्तकी शब्दाकडे परत येतो, कारण मला तो मनापासून आवडतो. नेत्र हा 'नी' धातूपासून झालेला शब्द. नेणं, वाट दाखवत पुढे घेऊन जाणं हा त्या धातूचा अर्थ, आणि नेता हा शब्दही त्याच धातूचा. रवी घुमवणाऱ्या दोरीलाही संस्कृतात नेत्र म्हणतात. समुद्रमंथनात वासुकी नेत्र झाला तो या अर्थाने. जो आपल्याला नेतो तो नेत्र. त्याला '-इका' हा लहानपणाचा, लाडाचा प्रत्यय लागला आणि नेत्रिका झाली, नेणारी चिमुकली. आरशाने गोळा केलेला उजेड ती डोळ्यापर्यंत नेते. पण डोळ्यात नेमका कुठे?

समोरच्या माणसाच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिलं की बुबुळाच्या मधल्या काळ्या गोलात आपलीच इवलीशी आकृती दिसते. म्हणून मराठीने त्या गोलाला बाहुली म्हटलं. संस्कृतात ती कनीनिका. 'कनी' म्हणजे मुलगी, कन्येच्याच घरातला शब्द. लॅटिनमध्ये 'पुपिला', म्हणजे लहान मुलगी किंवा बाहुली, आणि इंग्रजी 'प्युपिल' त्यावरूनच. ग्रीकमध्ये 'कोरे', पुन्हा मुलगी. स्पॅनिशमध्ये डोळ्यातली पोर. फारसीत 'मर्दुमक', म्हणजे छोटा माणूस. कोणी कोणाला विचारायला गेलं नसेल. आई मुलाच्या डोळ्यात पाहते आणि तिला तिथे कोणीतरी दिसतं, एवढ्या अनुभवातून हे शब्द जागोजागी उगवले असावेत. इंग्रजी बोलणाऱ्याला 'प्युपिल' म्हणताना बाहुली आठवत नाही. मराठी माणसाच्या शब्दात ती अजून उघड्या डोळ्यांनी बसलेली आहे.

दुर्बिणीलाही अशी एक बाहुली असते. दिवसा दुर्बीण उजळ आकाशाकडे धरा, सूर्यापासून पार उलट्या दिशेला, आणि आयपीसला डोळा न लावता हातभर मागे उभे राहा. आयपीसच्या काचेवर, किंबहुना काचेच्या थोडी बाहेर, हवेत तरंगल्यासारखी एक प्रकाशाची गोल टिकली दिसेल. मोठ्या आरशाने गोळा केलेला सगळा उजेड त्या टिकलीतून बाहेर पडतो. लंडनच्या जेसी रॅम्सडेनच्या नावावरून तिला रॅम्सडेनची चकती म्हणतात, आणि आज सर्रास एक्झिट प्युपिल म्हणतात. मी तिला उजेडाची बाहुली म्हणतो.

तिचं माप काढणं फार सोपं आहे. दुर्बिणीवर एफ ६, एफ ८ असं लिहिलेलं असतं, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या किती पट ते. आयपीसच्या आकड्याला त्या आकड्याने भागायचं. आमच्या एफ ६ दुर्बिणीत तीसचा आयपीस लावला की उजेडाची बाहुली ५ मिलिमीटरची, बाराचा लावला की २ ची, सहाचा लावला की १ ची. आयपीस निवडणं म्हणजे ही बाहुली निवडणं. किती पट मोठं दिसतं हा हिशेब त्यातून आपोआप निघतो.

उजेडाची बाहुली आपल्या डोळ्याच्या बाहुलीत मावली पाहिजे. अंधारात अर्धा तास थांबल्यावर तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशी-साठीत ती अनेकांच्या बाबतीत पाचाच्या आसपास थांबते, कधी त्याहून कमी. हे मला पैसे मोजून कळलं. पन्नाशी ओलांडल्यावर मी बेचाळीसचा आयपीस घेतला. जितका मोठा आकडा तितका उजेड जास्त, असं विकणाऱ्याने सांगितलं आणि मी मान डोलावली. बेचाळीस भागिले सहा म्हणजे सात. माझी बाहुली पाचाची. सातच्या वर्तुळातला पाचाचा भाग म्हणजे जवळजवळ निम्मं क्षेत्रफळ. उरलेला निम्मा उजेड रोज रात्री माझ्या बुबुळावर सांडत होता, आणि माझी आठ इंची दुर्बीण माझ्यापुरती पावणेसहा इंचांची झाली होती. देवयानी का फिकी दिसते म्हणून मी दोन हिवाळे आकाशाला दोष दिला. 'बाहुली' हा शब्द तेव्हा माझ्या हिशेबात असता तर दुकानातच उत्तर मिळालं असतं.

दीर्घिका पाहायच्या तर कोणती बाहुली हवी? आधी शब्द पाहू. ग्रीकांनी आकाशातल्या त्या पांढुरक्या पट्ट्यात दूध पाहिलं. 'गाला' म्हणजे दूध, त्यावरून 'गॅलॅक्सी'. आपण तिथे पाणी पाहिलं आणि आकाशगंगा म्हटलं. मग विसाव्या शतकात कळलं की आपल्या आकाशगंगेसारख्या इतर अगणित आहेत, आणि त्या जातीला नाव हवं झालं. मराठीने दीर्घिका हा शब्द घेतला. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं, बागेतली पुष्करणी. कोशात ती वापीच्या शेजारी बसते, आणि आपली बावडी त्या वापीचीच. नदी आकाशगंगा झाली, तेव्हा तिच्या बहिणींना तळी म्हणावं हे किती जुळून आलं! आणि इथेही तीच '-इका' आहे. लाखभर प्रकाशवर्षं रुंद पसाऱ्याला मराठीने लाडकं नाव दिलं, लांबोळकी.

वसंतात मध्यरात्रीच्या सुमारास अरुंधती केश हा तारकासमूह डोक्यावर येतो. त्यात एनजीसी ४५६५ नावाची दीर्घिका आहे. विल्यम हर्शलला ती १७८५ मध्ये सापडली. ती आपल्याला अगदी कडेने दिसते, लांबी सोळा कला (साठ कलांचा एक अंश) आणि रुंदी जेमतेम दोन, आणि मधून धुळीची एक काळी रेघ जाते. दीर्घिका हा शब्द कोणी तिला पाहूनच घडवला असावा असं वाटावं इतकी ती लांबट आहे.

तीसच्या आयपीसने, पाच मिलिमीटरच्या बाहुलीने, ती एक बारीक रेघोटी दिसते आणि राखाडी आकाशात बुडून जाते. बाराचा लावला की बाहुली दोनाची होते. आता दीर्घिकेचा प्रत्येक तुकडा मंद होतो, माझ्या पाचाच्या बाहुलीच्या हिशेबाने सहाव्या हिश्शाएवढा. पण आकाशही तेवढंच मंद होतं, म्हणजे दोघांतला फरक कायम राहतो. आणि दीर्घिकेचा डाग अडीच पट लांब-रुंद होतो. आपल्या डोळ्याच्या पडद्यावरच्या अंधारात काम करणाऱ्या पेशी उजेड एकमेकींत मिसळून वाचतात, त्यांना मंद पण मोठा डाग मंद आणि लहान डागापेक्षा लवकर कळतो. म्हणून लहान, मंद दीर्घिकांना दोन मिलिमीटरच्या आसपासची बाहुली मानवते. 'मंद आहे म्हणून कमी पट' हा सल्ला नेहमी ऐकू येतो, आणि दीर्घिकांच्या बाबतीत तो बहुतेकदा फसवतो. एक गोष्ट मात्र कोणत्याही आयपीसने होत नाही. पसरलेल्या उजेडाची झळाळी नुसत्या डोळ्याला दिसते त्याहून वाढवता येत नाही. दुर्बीण डाग मोठा करते, झळाळत्या रंगांची छायाचित्रं दाखवत नाही. हे आधीच सांगितलं तर नवा माणूस निराश होत नाही.

आता अभ्रिका. हा शब्द मला एका आजींनी समजावला, आणि तो त्यांनी उच्चारलाही नव्हता. माघातली थंडी होती. वस्तीवरच्या एक आजी नातवाला शोधत माळावर आल्या. त्यांना मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ दाखवला, पंचवीसच्या आयपीसमधून. त्या बराच वेळ डोळा लावून राहिल्या आणि म्हणाल्या, "आभाळ आल्यावानी दिसतंय की रं बारीकसं."

मी घरी येऊन कोश काढला. 'आभाळ' आलं 'अभ्र'पासून, आणि अभ्र म्हणजे ढग. म्हणूनच ढग आले की आपण "आभाळ आलंय" म्हणतो, आणि ढग नसलेलं आकाश निरभ्र असतं. ढगाचा शब्द हळूहळू त्या ढगामागच्या निळ्या पोकळीला चिकटला. नभ या शब्दानेही हीच वाट चालली आहे. वेदकाळी 'नभस्' म्हणजे धुकं, ढग. जुन्या मासनामांत श्रावणाला नभस् आणि भाद्रपदाला नभस्य म्हणत, म्हणजे ढगांचे महिने. आज नभ म्हणजे आकाश. याच नभस्चे सख्खे नातलग ग्रीक 'नेफेले', जर्मन 'नेबेल' आणि लॅटिन 'नेब्युला'. सगळ्यांचा अर्थ ढग किंवा धुकं. अभ्रही याच कुळातलं असल्याचं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. अभ्राला '-इका' लागून अभ्रिका झाली, बारीकसं आभाळ. आजींनी लॅटिन शब्दाचा अर्थ, संस्कृत शब्दाची फोड आणि आयपीसमधलं नेमकं दृश्य, तिन्ही एका वाक्यात सांगितलं होतं.

नेब्युला हा शब्द मुळात फार ढगळ होता. शार्ल मेसिए धूमकेतू शोधत असे आणि धूमकेतूसारख्या फसवणाऱ्या धुरकट ठिपक्यांची त्याने यादी केली. तिचा पहिला भाग १७७४ मध्ये छापला गेला. त्यात वायूचे मेघही होते आणि दीर्घिकाही, आणि त्या काळी सगळ्यांना 'नेब्युला'च म्हणत. १९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबलला देवयानीत एक रूपविकारी तारा सापडला. त्याच्यावरून अंतर काढलं तेव्हा कळलं की देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे. तिथून एका शब्दाचे दोन झाले. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, अभ्रिका किंवा तेजोमेघ म्हणजे वायू आणि धूळ.

ही वाटणी माळावर हाताला कळते, पण त्याआधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या एका अभ्रिकेचा वर्णपट पाहिला. ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसायच्या ऐवजी त्याला काही मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतल्या ठळक हिरव्या रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेनात. मग एक नवं मूलद्रव्य कल्पून त्याला 'नेब्युलियम' म्हटलं गेलं. कल्पना वेडेपणाची नव्हती. सूर्याच्या वर्णपटात १८६८ मध्ये दिसलेल्या पिवळ्या रेषेवरून हेलियम हे नाव पडलं होतं आणि १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीला ते द्रव्य पृथ्वीवर मिळालंही. नेब्युलियम मात्र कधीच मिळालं नाही. १९२७ मध्ये आयरा बोवेनने दाखवलं की त्या रेषा आपल्या ओळखीच्या ऑक्सिजनच्याच आहेत. त्याचे दोन इलेक्ट्रॉन निघून गेले आहेत, आणि तो इतका विरळ आहे की पृथ्वीवर सहज साधणार नाही. शब्द मेला, पण त्याने ज्या उजेडाला नाव दिलं तो आजही दर हिवाळ्यात आपल्या डोळ्यात येतो.

त्या दोन रेषा ४९६ आणि ५०१ नॅनोमीटरच्या आसपास आहेत, आणि अंधाराला सरावलेला डोळा जिथे सर्वांत तल्लख असतो ती जागा ५०५ च्या जवळपास. त्यामुळे तेवढ्याच रेषा आत सोडणारा ऑक्सिजनचा फिल्टर आयपीसला लावला की आकाश काळंभोर होतं आणि अभ्रिका तरंगून वर येते. हंसातली जाळीदार अभ्रिका फिल्टरशिवाय आमच्या माळावर जेमतेम जाणवते, फिल्टर लावला की तिचे धागे मोजता येतात. तो फिल्टर बराच उजेड अडवतो, म्हणून त्याच्या जोडीला मोठी बाहुली हवी, चार-पाच मिलिमीटरची, आणि रुंद खिडकी. हाच फिल्टर दीर्घिकेला लावला तर ती विझते, कारण तिचा उजेड ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत विखुरलेला. नेब्युला हा एकच शब्द धरून बसलेला माणूस इथे चुकतो, आणि दोन शब्द माहीत असलेला बरोबर आयपीस उचलतो.

तिसरा शब्द तर इंग्रजीपेक्षा मराठीत सरस आहे. काही अभ्रिका लहान, गोल आणि बऱ्यापैकी उजळ असतात. हर्शलला त्या ग्रहाच्या बिंबासारख्या दिसल्या म्हणून त्याने त्यांना ग्रहांवरून नाव दिलं. त्यांचा ग्रहांशी काही संबंध नाही, त्या मरू घातलेल्या ताऱ्यांनी उडवलेल्या वायूच्या चुणीदार पोशाखासारख्या आहेत. मराठीत त्यांना बिंबाभ्रिका म्हटलं आहे. ग्रह वगळला आणि डोळ्याला दिसतं तेवढंच ठेवलं. स्वरमंडलातली कंकणाकृती अभ्रिका ही त्यांतलीच. तिची झळाळी दाट असते, म्हणून ती मोठं करणं सोसते. सहाचा आयपीस, दोनशे पट, एक मिलिमीटरची बाहुली, आणि मधलं भोक स्वच्छ दिसतं.

योग्य बाहुली साधली तरी एक काम डोळ्याकडेच राहतं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध रंग ओळखणाऱ्या पेशी असतात, मंद उजेड टिपणाऱ्या पेशी कडेला. म्हणून अंधुक गोष्ट सरळ पाहिली की ती नाहीशी होते, थोडं बाजूला पाहिलं की परत येते. इंग्रजी पुस्तकं त्याला वळवलेली नजर म्हणतात. आपल्याकडे कटाक्ष आहे, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून टाकलेली नजर. गंमत अशी की मराठीत 'कटाक्षाने' म्हणजे काळजीपूर्वक, न चुकता असा अर्थ रुळला. नियम कटाक्षाने पाळायचे असतात. माळावर हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. दीर्घिका कटाक्षाने पाहायची असते, तिरक्या नजरेने आणि पूर्ण लक्ष देऊन.

नेत्रिका, दीर्घिका, अभ्रिका, कनीनिका. चारही शब्द '-इका'चे. यांतले तीन पुस्तकात सुखाने नांदतात आणि चौथीचं काम घराघरातली बाहुली करते. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. एक्झिट प्युपिलसाठी नवा जड शब्द शोधण्याआधी या घरच्या शब्दाला एकदा हाक मारून पाहावी. थंडीत बोटं आखडलेली असताना, तांबड्या बॅटरीच्या उजेडात, माणूस तोच शब्द बोलतो जो आईने शिकवला.

माझ्या निरीक्षणाच्या वहीत पूर्वी तीन रकाने होते, वस्तू, आयपीस आणि किती पट. आता चौथा आखला आहे. गेल्या वसंतातली एक नोंद अशी आहे: एनजीसी ४५६५. बाराचा आयपीस. १०० पट. बाहुली २. कटाक्षाने पाहिलं, काळी रेघ दिसली.